न दुखणारे दुखणे

शरीराच्या काही अवयवांना आपल्या भाषेत मोठा मान आहे. नाक कापले जाते, काळजाचे पाणी होते, हात टेकले जातात, कान टोचले जातात, पोटात कावळे ओरडतात. अपेंडिक्सला मात्र मराठीने एकही वाक्प्रचार दिलेला नाही. शास्त्रीय परिभाषेत त्याला 'आंत्रपुच्छ' म्हणतात, म्हणजे आतड्याचे शेपूट. पण हा शब्द पुस्तकातच राहिला. घरोघरी आपण काय म्हणतो? "अमक्याला अपेंडिक्स झाले." जणू अपेंडिक्स हा अवयव नसून एखादा आजारच आहे! 'त्याला पोट झाले' किंवा 'तिला कान झाले' असे आपण आजारपणाबद्दल बोलताना कधी म्हणत नाही. या लहानशा प्रयोगात एक समजूत दडलेली आहे. अपेंडिक्स दुखले तर ते आहे, दुखले नाही तर ते नाहीच, अशी ती समजूत.

ही समजूत किती अपुरी आहे ते सांगण्यासाठी हा लेख आहे. मी भाषेचा शिक्षक, वैद्यकाचा नव्हे. तरीही या विषयात मला शिरावे लागले, कारण आमच्याच घरात एका न दुखणाऱ्या अपेंडिक्सने चार महिने मुक्काम केला होता. त्या निमित्ताने डॉक्टरांना विचारून आणि पुस्तके चाळून जे कळले, ते येथे जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडतो.

प्रथम या अवयवाची ओळख करून घेऊ. पोटाच्या उजव्या बाजूला, खालच्या भागात, लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते. या सांध्याच्या खाली मोठ्या आतड्याची एक पिशवी असते, आणि त्या पिशवीला करंगळीएवढी एक नळी लोंबत असते. हेच अपेंडिक्स. त्याची लांबी साधारण आठ-दहा सेंटीमीटर भरते; काहींचे दोनच सेंटीमीटर असते, तर क्वचित एखाद्याचे वीस सेंटीमीटरपर्यंत जाते. ही नळी एका बाजूने आतड्यात उघडते आणि दुसऱ्या बाजूने बंद असते. म्हणजे एका तोंडाचा बंद बोळच म्हणा ना! या बोळाच्या आतल्या अस्तरातून थोडा थोडा बुळबुळीत स्राव पाझरत असतो आणि तो तोंडावाटे आतड्यात वाहून जातो. वाट मोकळी आहे तोपर्यंत कोणाची काही तक्रार नसते.

चार्ल्‌स डार्विनने १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथात अपेंडिक्सची गणना पूर्वजांकडून आलेल्या निरुपयोगी अवशेषांत केली, आणि तेव्हापासून त्याला 'बिनकामाचे' हे बिरुद चिकटले. पुढे असे दिसून आले की त्याच्या भिंतीत रोगप्रतिकाराच्या कामी येणाऱ्या पेशींची दाटी असते. २००७ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी असे मत मांडले की अपेंडिक्स हे आतड्यातील उपकारक जीवाणूंचे राखीव कोठार असावे. हगवणीने आतडे धुऊन निघाले की या कोठारातून पुन्हा पेरणी होते. हे मत सर्वांनी स्वीकारले आहे असे नाही. पण 'बिनकामाचे' हा शब्द आता जपून वापरावा हे खरे.

अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही मोठा मौजेचा आहे. अपेंडिक्स काढल्याची पहिली नोंद लंडनमधील आहे. १७३५ साली क्लॉडियस अम्यांड नावाच्या शल्यविशारदाने अकरा वर्षांच्या एका मुलाच्या अंतर्गळाची, म्हणजे हर्नियाची, शस्त्रक्रिया केली. आत पाहतो तो हर्नियात अपेंडिक्स अडकलेले आणि त्याला एका टाचणीने भोक पाडलेले! म्हणजे पहिले अपेंडिक्स सापडले तेच मुळी दुसरे काही दुरुस्त करताना. त्यानंतर दीडशे वर्षांनी, १८८६ साली, बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी पोटाच्या उजव्या बाजूच्या जीवघेण्या दुखण्याचे मूळ अपेंडिक्समध्ये असते हे दाखवून दिले आणि 'अपेंडिसायटिस' हे नाव रूढ केले. १९०२ साली इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक या दुखण्यापायी ऐन वेळी पुढे ढकलावा लागला. आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध घटना पुण्याची आहे. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींवर १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. ऐन शस्त्रक्रियेत विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले.

या सगळ्या कथा दुखणाऱ्या अपेंडिक्सच्या आहेत. असे अपेंडिक्स रुग्णाला गडाबडा लोळवते, ताप आणते, रात्री-अपरात्री गाडी काढायला लावते. ते वैरी असले तरी उघड वैरी आहे. आमच्या घरी आले ते दुसऱ्या जातीचे होते. त्याचे नाव म्युकोसील.

म्युकोसील म्हणजे काय, हे बंद बोळाच्या उपमेनेच सांगता येईल. बोळाचे तोंड कोठेतरी अडते, किंवा आतल्या अस्तराच्या पेशी बिघडून वाजवीपेक्षा अधिक स्राव सोडू लागतात. तो स्राव बाहेर न पडता आत साचत जातो आणि करंगळीएवढी नळी हळूहळू फुगू लागते. तंबोऱ्याचा भोपळा जसा एका बाजूला सडपातळ आणि दुसऱ्या बाजूला गरगरीत असतो, तसा आकार तिला येतो. यात पू नसतो, सूज नसते, म्हणून ताप नसतो आणि पुष्कळदा दुखतही नाही. १८४२ साली व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांनी याचे प्रथम वर्णन केले. हा प्रकार दुर्मिळ आहे: कापून काढलेली हजार अपेंडिक्स तपासली तर दोनापासून सातांपर्यंत अशी निघतात. कित्येक रुग्णांना त्याचा पत्ताच नसतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत ते अवचित दिसते.

आमच्याकडे ते दिसले कोलोनोस्कोपीत. या तपासणीचे नाव ऐकूनच माणसे घाबरतात, म्हणून तिच्याविषयी थोडे सांगतो. मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते. आदल्या दिवशी पातळ आहार घेऊन आणि लिटर-दोन लिटर पाण्यातून औषध पिऊन ते स्वच्छ करायचे. मग झोपेचे इंजेक्शन देऊन, बोटाएवढ्या जाडीची एक लवचिक दुर्बीण गुदद्वारातून आत सरकवतात. बहुधा अर्ध्या तासात काम आटोपते. वळणावळणाच्या नळीतून प्रकाश आणि चित्र नेता येते, या शोधात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. पंजाबात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली लंडनमध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवले. पुढे १९६९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या या दोघांनी अशी दुर्बीण मोठ्या आतड्याच्या पार टोकापर्यंत नेण्याचे तंत्र बसवले. आताच्या दुर्बिणीच्या टोकाला इवलासा कॅमेराच असतो.

आता प्रश्न असा की दुर्बीण टोकाला पोहोचली हे कशावरून ओळखायचे? आतड्यात काही मैलाचे दगड नसतात! तेथेच आपले अपेंडिक्स उपयोगी पडते. आतड्याच्या शेवटच्या पिशवीत अपेंडिक्सचे तोंड एखाद्या चिरेसारखे किंवा बारीक खळीसारखे दिसते. ते दिसले की प्रवास पुरा झाला. पुरावा म्हणून डॉक्टर त्या जागेचे छायाचित्र काढून अहवालाला जोडतात. ज्याला आपण बिनकामाचे म्हणतो, तेच येथे शेवटच्या स्थानकाची पाटी होऊन बसते. आणि म्हणूनच, पाटीत काही फरक असला तर तो जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

माझे दाजी तासगाव तालुक्यातले द्राक्षबागाईतदार. माझी भाची आमच्याकडे साताऱ्यास राहून शिकते. दिवाळीनंतर दाजी तिला सोडायला आले, तेव्हा शौचावाटे रक्त पडते असे त्यांनी माझ्या बायकोला नव्हे, मला नव्हे, तर मुलीला सांगितले, आणि तेही "कुणाला बोलू नगंस" अशी ताकीद देऊन. तिने अर्थातच सांगितले. मूळव्याध असणार असे दाजींचे म्हणणे होते. डॉक्टर म्हणाले, "असेलही, पण पन्नाशी उलटल्यावर रक्त कोठून येते हे पाहिल्याशिवाय मूळव्याध म्हणू नये. आतड्याचा कर्करोगही असाच रक्त दाखवतो." म्हणून साताऱ्यातच तपासणी झाली.

दाजींचे निदान बरोबर ठरले. रक्त मूळव्याधीचेच होते, आणि बाकीचे आतडे स्वच्छ होते. दाजींनी मिशीवर हात फिरवला. पण अहवाल भाचीच्या हातात होता आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली. अपेंडिक्सच्या तोंडाशी गुळगुळीत उंचवटा, मधोमध खळगा, खळग्यातून बुळबुळीत स्राव, सी.टी. स्कॅन करावा, असे तेथे लिहिले होते. या देखाव्याला डॉक्टर मंडळी ज्वालामुखीची उपमा देतात. आतून फुगलेले अपेंडिक्स आतड्याच्या भिंतीला रेटते, म्हणून डोंगर दिसतो. डोंगराच्या माथ्यावर तोंड असते आणि तोंडातून लाव्ह्यासारखा स्राव ओघळतो. आपला सगळा सह्याद्री लाव्ह्याच्या थरांनी बनलेला, त्यामुळे ही उपमा आम्हांला लगेच समजली.

मी डॉक्टरांना विचारले, "दुर्बीण आत होतीच, तर तो उंचवटा तेव्हाच का काढला नाही?" त्यांचे उत्तर ऐकण्यासारखे होते. आतड्यात कोंब दिसला की दुर्बिणीतूनच तो काढतात हे खरे. पण अपेंडिक्सच्या तोंडाशी दिसणारा उंचवटा हा कोंब असेलच असे नाही. कधी तो बाहेरून रेटा देणारे म्युकोसील असतो. कधी अपेंडिक्स मोज्यासारखे उलटे होऊन आतड्यात शिरलेले असते, आणि तेही कोंबासारखेच दिसते. तो कोंब समजून फास टाकला तर आतड्याला भोकच पडायचे. म्हणून तेथे हात आखडता घेणे हेच कौशल्य.

सी.टी. स्कॅनमध्ये चित्र स्पष्ट झाले. अपेंडिक्स सात सेंटीमीटर लांब आणि अडीच सेंटीमीटर रुंद झाले होते. निरोगी अपेंडिक्सची रुंदी सहा-सात मिलिमीटर असते. पंधरा मिलिमीटरच्या पुढे गेली की म्युकोसीलचा दाट संशय घेतात. भिंतीत चुन्याची बारीक रेघही दिसत होती, तीही त्याचीच खूण. शस्त्रक्रिया करून ते काढावे असा सल्ला मिळाला.

आणि येथे खरा पेच उभा राहिला. दाजी म्हणाले, "पाव्हणं, दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग कापायचं कशाला? बाग फुलोऱ्यात हाय. ह्या दिसांत डाऊनी पडली तर वर्षाचं वाटोळं. माल निघू द्या, फाल्गुनात बघू." हे बोलणे अडाणीपणाचे होते असे मी म्हणणार नाही. छाटणी झालेली बाग सोडून जाणे म्हणजे काय, हे द्राक्षवाल्यालाच ठाऊक. सोसायटीचे कर्ज, औषधांची उधारी, सगळे त्या फुलोऱ्यावर टांगलेले असते. शिवाय आपल्या शहाणपणाची सारी परंपरा त्यांच्या बाजूने होती. नखाने जाणारे काम कुऱ्हाडीवर नेऊ नये, हेच आपण शिकत आलो. पण न दुखणारी गोष्ट नखाची की कुऱ्हाडीची, हे ठरवायचे कोणी?

दाजींचे गाव सांगलीकडे, म्हणून पुढच्या सल्ल्यासाठी आम्ही मिरजेला गेलो. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी तेथे रुग्णालय उघडले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. त्या काळापासून आमच्या बाजूला 'मिरजेला न्यावे लागले' या शब्दांनाच एक वजन आहे. तेथील शल्यविशारदांनी दाजींना भीती घातली नाही. त्यांनी विचारले, "बेदाणा करता की माल पेटीत भरता?"

"दोन्ही करतो."

"पेटी भरताना एखादा मणी फुटला तर काय होतं?"

दाजी म्हणाले, "रस घडाला लागतो, खाली वघळतो. चार दिसांत बुरा चढतो. एका मण्यापायी पेटी परत येती."

"मग आम्हांला हा मणी न फोडता काढायचा आहे," डॉक्टर म्हणाले, "आणि तो आपोआप फुटायच्या आत काढायचा आहे."

पुढे त्यांनी जे समजावले ते असे. म्युकोसीलमध्ये कधी नुसताच साचलेला स्राव असतो, तर कधी अस्तराच्या पेशींची गाठ असते. यातल्या पुष्कळ गाठी सौम्य, हळू वाढणाऱ्या असतात; थोड्या कर्करोगाच्या असतात. बाहेरून पाहून यांतले काय आहे हे खात्रीने सांगता येत नाही. सुई टोचून पाहावे तर तीच गळतीची वाट होते. गाठीच्या पेशी असलेले म्युकोसील फुटले, तर त्या पेशी पोटाच्या पोकळीत सांडतात, जागोजाग रुजतात आणि तेथे स्राव करीत राहतात. मग वर्षा-दोन वर्षांत पोट जेलीसारख्या पदार्थाने भरत जाते. कपडे कमरेला घट्ट होतात, पोट सुटले असे वाटते, आणि आतडी मात्र त्या चिकट ओझ्याखाली दबत असतात. याला 'स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय' असे अवघड नाव आहे. दहा लाखांत वर्षाला एखाद-दुसऱ्यालाच ते होते. पण झाले तर त्यावरची शस्त्रक्रिया तासन्‌तास चालते. पोटाच्या आवरणाचे थर सोलून काढावे लागतात आणि आत गरम केलेले कर्करोगाचे औषध खेळवावे लागते. अशी शस्त्रक्रिया मोजक्याच ठिकाणी होते. इकडे न फुटलेले अपेंडिक्स काढणे हे तास-दीड तासाचे काम! फरक फक्त ते फुटण्याआधी काढले की नंतर, एवढाच.

दाजी थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी एवढेच विचारले, "कवा भरती व्हायचं?" घाई आजच्या रात्रीची नव्हती, पण फाल्गुनापर्यंत थांबण्याचीही नव्हती, पंधरा दिवसांत उरकावे असे ठरले. फवारणीची जबाबदारी त्यांच्या शेजाऱ्यांनी आणि माझ्या बहिणीने घेतली.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. फुगलेल्या भागाला चिमट्याने धरायचे नाही, त्याच्या भोवतालच्या पडद्याला धरायचे. मुळाशी आतड्याचा निरोगी काठ घेऊन कापायचे. आणि तुकडा पोटातच एका पिशवीत घालून ती पिशवी बाहेर काढायची, असा सगळा बेत होता. तुकडा अखंड निघाला. आठवडाभराने पॅथॉलॉजीचा अहवाल आला. ती पेशींची गाठच होती, पण सौम्य प्रकारची. भिंत कोठेही फुटलेली नव्हती आणि कापलेला काठ स्वच्छ होता. पुढे औषधाची गरज पडली नाही. ठरावीक मुदतीने स्कॅन करून घ्यायचे एवढेच पथ्य राहिले. चौथा महिना संपायच्या आत दाजी बागेत उभे राहून मालाचा भाव करीत होते. त्या वर्षी भाव बेताचाच मिळाला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, ही हकीकत मी कलाशाखेच्या अंकात का लिहितो आहे? आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले तुम्हीच पहिले. वडिलांचे, आजीचे, चुलत्याचे तपासणीचे कागद तुमच्याच हातात येतात. ते बहुधा इंग्रजीत असतात, आणि घरचे विचारतात, "काय लिवलंय?" आपण पहिली ओळ पाहून 'काही नाही, मूळव्याध आहे' असे सांगून मोकळे होण्याचा मोह मोठा असतो. अहवालाची शेवटची ओळ वाचणे हे शास्त्रशाखेचेच काम नव्हे. न कळणाऱ्या शब्दाखाली रेघ ओढून, तो कागद पुन्हा डॉक्टरांपुढे ठेवून, 'याचा अर्थ आमच्या भाषेत सांगा' असे म्हणायला वैद्यकाची पदवी लागत नाही. वाचनाची सवय आणि थोडा धीर लागतो.

दुसरी गोष्ट संकोचाची. शौचाला काय होते हे आपल्याकडे बोलायचे नसते. बाप मुलाला सांगत नाही, सासू सुनेला सांगत नाही. रक्त पडले तर ते मूळव्याध, पोट वाढले तर ते वय, असे म्हणून दिवस काढले जातात. त्यात बहुतेकदा खरोखरच काही नसते, हेही तितकेच खरे. मला कोणाच्या मनात भय पेरायचे नाही. उठसूट प्रत्येकाने अपेंडिक्स शोधत फिरावे असेही नाही, कारण म्युकोसील दुर्मिळच आहे. पण शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीत पडलेला आणि न जाणारा फरक, कारणावाचून उतरत चाललेले वजन, यांपैकी काही घरच्या वडीलधाऱ्यांत दिसले, तर दुखण्याची वाट पाहू नये.

वेदना ही शरीराची भाषा आहे असे आपण म्हणतो, आणि ते बरोबरही आहे. पण शरीर प्रत्येक गोष्ट त्याच भाषेत सांगत नाही. काही गोष्टी ते एका छायाचित्रातल्या उंचवट्यात किंवा अहवालाच्या शेवटच्या ओळीत सांगते. तुमच्या घरी असा कागद आला, तर तो शेवटपर्यंत वाचा आणि समजेपर्यंत विचारा.